ओल्या रस्त्याचं तैलचित्र: डी. एन. रोड, दिवेलागणीची वेळ

मुंबईत डी. एन. (दादाभाई नौरोजी) रोडवर हुतात्मा चौकाकडून सीएसएमटी स्टेशनकडे तोंड करून उभं राहा. सर नुकतीच ओसरलेली हवी आणि दिवे लागायला सुरुवात झालेली. फोटो काढाच, पण पेन्सिलीने दोन-तीन झटपट स्केचेसही करा. फोन अंधारातलं सगळं उगाच उजळून दाखवतो.

१२ × १६ इंची कॅनव्हास पुरतो. रंग सहाच घ्या: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्ल्यू, कॅडमियम ऑरेंज, कॅडमियम रेड. काळी ट्यूब लागत नाही. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की गडद राखाडी तयार होतो. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार. मुंबईचा अख्खा पावसाळा या दोन ट्यूबांत आहे.

आधी टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट सिएना कॅनव्हासभर फिरवून फडक्याने पुसून घ्या. तो वाळला की क्षितिजरेषा, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेषा, आखा. सपाट रस्त्यावर तुम्ही उभे असाल, तर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी साधारण याच रेषेवर येतात. पाय मात्र अंतराप्रमाणे वरखाली. एवढं सांभाळलं की गर्दी आपोआप जमिनीवर उभी राहते.

आता डोळे बारीक करून बघा आणि दृश्य चार छटांत वाटा. आकाश सर्वांत फिकं, दूरच्या इमारती त्याहून जेमतेम गडद, मधल्या कमानी आणखी गडद, पुढची टॅक्सी आणि छत्र्या सर्वांत गडद. महापालिकेची इमारत आणि सीएसएमटी, दोन्ही वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या, त्यामुळे नक्षी रंगवायला हात शिवशिवतोच. आवरा. घुमटाची कड ओली असतानाच कोरड्या ब्रशने आकाशात ओढून घ्या. धूसरपणा इथेच जमतो किंवा फसतो.

रस्त्याला वेळ द्या. डांबर काळं, म्हणून बरेच जण तो काळा रंगवतात. प्रत्यक्षात ओला रस्ता आकाश परत फेकतो आणि लांबवर जवळजवळ आकाशाइतकाच उजळ दिसतो. पायाशी तो गडद होत जातो. प्रतिबिंबं नेहमी सरळ खाली, आपल्याकडे ओढा, तिरकी नकोत. उभे फटकारे मारून झाले की स्वच्छ, कोरडा ब्रश त्यांवरून एकदाच हलका आडवा फिरवा. एकदाच! दुसऱ्यांदा फिरवलात की चिखल. दिव्याचं प्रतिबिंब दिव्यापेक्षा थोडं मंद ठेवा.

दिवे अगदी शेवटी. हेडलाइटभोवती आधी राखाडीत मिसळलेला ऑरेंज हलकेच पसरवा, मग मध्यभागी किंचित ऑकर घातलेल्या पांढऱ्याचा जाड ठिपका. नुसता पांढरा खडूसारखा दिसतो. टेललाइटचा लाल दोन-तीन ठिकाणीच.

खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलट केलंत तर पुढे रंगाला तडे जातात. दमट हवेत वाळायला जास्त दिवस लागतात, घाई नको. व्हार्निश सहा महिन्यांनंतर. काम करताना खिडकी उघडी ठेवा, आणि तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.