दारात आलेला पार्सलवाला खरा की खोटा? या चुका टाळा

कापूस वेचणी लागली की दिवसभर गावात म्हातारी माणसं आणि लहान पोरंच उरतात. तालुक्याहून निघालेले पार्सलवालेही नेमके याच वेळात गावोगाव फिरतात. त्यामुळे पार्सल मागवतो एक आणि दार उघडतो दुसराच. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

टी-शर्ट आणि ओळखपत्रावर विसंबणं

आपल्याकडे पार्सल वाटणारी बरीच पोरं तालुक्याच्या कुरिअर एजन्सीकडे नगामागे मजुरीवर असतात. गाडी स्वतःची, कपडे घरचे. म्हणून कंपनीचा शर्ट नसलेला माणूस लबाड ठरत नाही. उलट गळ्यात अडकवायचं कार्ड कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून मिळतं. ओळख पटवायची ती पार्सलवरून.

दारात विचारायचं ते एवढंच: पार्सल कोणाच्या नावाचं, कुठून आलं, पैसे भरलेले की द्यायचे आणि किती. उत्तर त्याच्याकडूनच येऊ द्या. इथंच चुकतं. तो नुसतं "पार्सल आहे" म्हणतो आणि आजी आतूनच ओरडते, "आमच्या संदीपचं व्हय का?" मग त्याला "हो, संदीपचंच" म्हणायला काय लागतं! खरा पार्सलवाला खोक्यावरचं लेबल वाचून नाव, पिनकोड आणि रक्कम सांगतो. लेबल स्वतः पाहा. त्यावर पार्सलचा नंबर असतो. तो कंपनीच्या अ‍ॅपमध्ये स्वतःच्या हातानं टाकून बघा. त्यानं पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका.

शंका आली तर गाडीचा नंबर लिहून ठेवा. यवतमाळची एमएच २९, अमरावतीची २७, वाशीमची ३७. बाहेरच्या पासिंगची गाडी म्हणजे चोर असं नव्हे, पण पुढं तक्रार करायची वेळ आली तर हाच नंबर कामी येतो.

न मागवलेल्या पार्सलचे पैसे देणं

पोरगा पुण्याला, पार्सल गावाला. "तुमच्या पोरानंच मागवलं, ६९९ द्या" म्हटलं की घरचे गुमान पैसे काढून देतात. खोक्यात निघतो चिंधीसारखा दुपट्टा. यात आणून देणारा पोऱ्या बरेचदा खराच असतो, लबाडी पाठवणाऱ्याची असते. म्हणून माणूस ओळखीचा असला तरी पार्सल ओळखीचं आहे का, हे बघावंच लागतं.

उपाय साधा आहे. मागवणाऱ्यानं त्याच दिवशी घरी फोन करून वस्तू, येण्याचा अंदाजे दिवस आणि रक्कम सांगायची. घरच्यांनी ते कॅलेंडरवर लिहायचं. कॅलेंडरवर नाही ते घ्यायचं नाही. "हे घेत नाही, परत न्या" म्हटल्यावर ग्राहकाला एक रुपयाही लागत नाही. "परत नेण्याचे शंभर द्या" कोणी म्हणालंच, तर दार लावून घ्या.

पैसे द्यायचेच असतील तर रोख मोजून द्या, नाहीतर त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये उघडणारा क्यूआर स्कॅन करा. रक्कम सहसा त्यात आधीच भरलेली असते. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव कोणाचं येतं ते वाचा. आणि रिफंड घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

ओटीपी आधीच सांगून मोकळं होणं

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथं. फोन येतो: "काकू, गावात रेंज नाही, ओटीपी आत्ताच सांगून द्या, पार्सल टपरीवर ठेवतो." ओटीपी दिला की कंपनीच्या लेखी पार्सल तुमच्या हातात पोचलं. मग टपरीवर काही ठेवलंच नसेल तर भांडायचं कशाच्या जोरावर?

रेंजची अडचण मात्र खरी असते. त्यासाठी मागवणाऱ्यानं अ‍ॅपमधल्या ऑर्डरच्या पानावर ओटीपी दिसत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. ओटीपी पोराच्या मोबाइलवर येत असेल तर पार्सल घरच्यांच्या हातात आल्यावर त्यांनी त्याला फोन लावावा, मग त्यानं सांगावा. मोबाइलसारख्या महागाच्या वस्तूला बरेचदा खोलून दाखवण्याची सोय असते. तिथं आधी खोकं उघडायचं, वस्तू बघायची आणि मगच आकडे सांगायचे.

मेसेज पूर्ण वाचा. डिलिव्हरीच्या मेसेजमध्ये ऑर्डरचा उल्लेख असतो. बँकेच्या मेसेजमध्ये रक्कम किंवा खात्याचे शेवटचे आकडे असतात, आणि कोणालाही सांगू नका असं लिहिलेलं असतं. बँकेचा ओटीपी दारातल्या माणसाला कशाला हवा?

"पत्ता सापडत नाही, हा कोड दाबा"

पार्सलवाला *४०१* किंवा २१* असा काही कोड दाबून पुढं एखादा मोबाइल नंबर टाकायला सांगत असेल, तर फोन तिथंच ठेवा. त्यानं तुमचे कॉल त्याच्याकडं वळतात आणि फोनवर येणारे बँकेचे ओटीपीही त्यालाच ऐकू जातात. दाबलाच असेल तर लगेच ##००२# डायल करा, सगळे वळवलेले कॉल बंद होतात. पत्ता दुरुस्त करायला पाच रुपये भरा म्हणणारी लिंक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (दाबली की मोबाइलमध्ये परकं अ‍ॅप बसवणारी) हाही त्यातलाच प्रकार.

गॅसवाला ओळखीचा म्हणून वजन न करणं

सिलिंडरची गाडी चौकात येते आणि सगळ्यांची घाई होते. बुकिंगनंतर नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा डिलिव्हरी कोड वजन झाल्यावरच सांगा. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच रंगवलेलं असतं. ते १५.३ असेल तर काट्यावर २९.५ किलो यायला हवं. वजनकाटा गाडीवाल्याकडं असायलाच पाहिजे. सील तुटलेलं असेल तर टाकी घेऊ नका. पैसे पावतीवर छापलेत तेवढेच.

पैसे गेल्यावर दोन दिवस गप्प बसणं

लाजेपायी लोक घरातही सांगत नाहीत. तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यांत फिरतात आणि अडवणं अवघड होतं. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावा. बँकेचं नाव, गेलेली रक्कम, वेळ, समोरच्याचा मोबाइल नंबर आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर जवळ ठेवा. यूटीआर पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. तक्रारीचा नंबर मिळेल तो लिहून घ्या, आणि बँकेच्या शाखेत जाताना पार्सलचं लेबल फेकून न देता सोबत न्या.