स्थलांतरित जुने प्रश्न कसे हाताळावेत

स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामिंगविषयी प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झाले आणि सर्व्हर फॉल्ट व सुपर युजर ही त्याची भावंडे २००९ मध्ये आली. त्यामुळे आधी एकाच ठिकाणी विचारले गेलेले, सर्व्हर किंवा घरच्या संगणकाविषयीचे कितीतरी प्रश्न पुढे तिकडे हलवले गेले. असा प्रश्न दुरुस्तीला घेण्यापूर्वी त्याचा इतिहास उघडून तो कुठून आला आणि त्यात कोणी काय बदलले हे नीट वाचावे. तो आजही चुकीच्या जागी आहे असे वाटले, तरी साठ दिवसांहून जुना प्रश्न हलवता येत नाही, म्हणून आहे तिथेच तो उपयोगी कसा होईल हे पाहावे.

पहिले काम मेलेल्या दुव्यांचे. गूगल कोड ही प्रोग्रामचा कोड ठेवण्याची सेवा २०१६ मध्ये बंद झाली, पण तिच्याकडे बोट दाखवणारी उत्तरे उरली. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात प्रत मिळाल्यास तिचा दुवा द्यावा, आणि उत्तराचा सारा गाभा त्या दुव्यामागेच असेल, तर तो मूळ स्रोताच्या उल्लेखासह उत्तरातच थोडक्यात लिहावा.

खरी काळजी लागते ती कालबाह्य उत्तरांना. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती २ चा अधिकृत आधार २०२० च्या आरंभी संपला, पण केवळ तेवढ्यावरून त्या काळच्या उत्तरातील कोड परस्पर पायथन ३ चा करून टाकणे मला अन्यायाचे वाटते, कारण वाचकांनी मते दिली ती लेखकाच्या मूळ मजकुराला, आणि जुनी प्रणाली सांभाळणाऱ्या कोणाला तरी तोच मजकूर हवा असतो. वर आवृत्तीचा उल्लेख करणारी एक ओळ जोडावी आणि नवा उपाय स्वतंत्र उत्तर म्हणून, स्वतःच्या नावाने द्यावा.

स्थलांतरात उत्तरे सोबत येतात, पण उत्तर देणाऱ्याचे नव्या जागी खाते नसेल, तर आपली टिप्पणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी त्याची वाट न पाहता शुद्धलेखन, मांडणी आणि दुवे आपणच सुधारावेत. आशयाला मात्र हात लावू नये. मजकूर इतरत्र वापरायचा असल्यास लेखकाचे नाव, मूळ दुवा आणि परवाना द्यावा: २ मे २०१८ पासूनच्या लेखनाला क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याची ४.० आवृत्ती लागू आहे, त्याआधीच्या लेखनाला जुन्या आवृत्त्या.

प्रत्येक संपादनाने प्रश्न पुन्हा मुखपृष्ठावर येतो आणि ताजे प्रश्न खाली ढकलले जातात, म्हणून एका बैठकीत दोन-चारच प्रश्न घ्यावेत.