आधी वाका, मग माप बघा: अंपायरचं चेस्ट प्रोटेक्टर

माझं पहिलं चेस्ट प्रोटेक्टर, म्हणजे बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या अंपायरचं छातीवरचं कवच, उसनं होतं. माझ्याहून वीतभर उंच असलेल्या एका सहकाऱ्याचं. ताठ उभी होते तोवर मला ते झकास वाटलं. पण होम प्लेटमागे, चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीशी वाकले की त्याची खालची कड मांड्यांना टेकायची, अख्खं कवच वर सरकायचं आणि मास्कला खालून ढुशी द्यायचं. वैतागून मी खांद्याचे पट्टे सैल केले. तिसऱ्या इनिंगमध्ये बॅटला निसटता लागलेला एक फाऊल चेंडू थेट डाव्या हासळीच्या हाडावर आला. सैल पट्ट्यांमुळे कवच तिथून दोन बोटं खाली लोंबत होतं. हाड वाचलं, पण पुढचे तीन आठवडे त्या खांद्यावर पिशवी अडकवता आली नाही.

चेंडू डावीकडेच लागला यातही नवल नाही. बॅटर उजव्या हाताचा असला की आपण स्लॉटमध्ये, म्हणजे कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत उभे राहतो. उजवी बाजू बऱ्यापैकी कॅचरच्या आड जाते, डावी उघडी पडते. म्हणून दुकानात प्रोटेक्टर चढवून आरशासमोर उभं राहू नका. तिथेच आपला नेहमीचा स्टान्स घ्या. लोक बघतील, बघू देत.

कॅचरचं जुनं प्रोटेक्टर चालेल का, असं नवे अंपायर हमखास विचारतात. नाही चालत. कॅचरला चेंडू अंगावर घेऊन पुढ्यातच पाडायचा असतो, म्हणून त्याचं कवच मऊ, आणि ते घालायचं जर्सीवरून. आपलं जातं शर्टाच्या आत, आणि आपली हासळी व खांदे कॅचरच्या डोक्याच्या वर उघडे असतात. पूर्वी अंपायर हातात मोठा फुगवलेला ढालवजा प्रोटेक्टर धरून उभे राहत. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या अमेरिकन लीगमध्ये तर १९७७ पासून नव्या अंपायरना आतलं प्रोटेक्टर सक्तीचं झालं, तरी जेरी न्यूडेकर या जुन्या अंपायरनं १९८५ मध्ये निवृत्त होईपर्यंत आपला फुगा सोडला नाही. त्या फुग्यामागे स्लॉटमध्ये शिरणं अवघडच होतं.

आता कडक की मऊ? कडक प्रकारात फोमवर प्लास्टिकच्या पाट्या असतात. चेंडूचा मार एका ठिकाणी न बसता पाटीभर पसरतो. मऊ प्रकार म्हणजे नुसता जाड फोम: हलका, अंगाला वळणारा, पण दणका बराचसा आत पोचवणारा. लहान मुलांच्या सामन्यांना मऊ पुरतो. मोठ्यांच्या बेसबॉलला मी कडकशिवाय उभी राहणार नाही. सॉफ्टबॉललाही नाही, आणि इथे माझं अनेकांशी वाजतं. नावात 'सॉफ्ट' आहे म्हणून चेंडू मऊ नसतो. बेसबॉल साधारण १४२ ते १४९ ग्रॅमचा, तर १२ इंच घेराचा सॉफ्टबॉल १७७ ते १९८ ग्रॅमचा. शिवाय बेसबॉलचा पिचर ६० फूट ६ इंचांवरून टाकतो, मोठ्या मुलींच्या फास्टपिच, म्हणजे वेगवान चेंडूच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवर असते. अंग चोरायला वेळच मिळत नाही.

लेबलवरचे इंच बहुधा कवचाची पुढची लांबी सांगतात, पण प्रत्येक कंपनीचा इंच वेगळा असल्यासारखा वागतो. आपलं माप आपणच काढा. स्टान्समध्ये वाकून गळ्याच्या खळगीपासून बेंबीच्या जरा वरपर्यंत टेप धरा. ताठ उभं राहून घेतलेलं माप त्याहून मोठं येतं, आणि माझ्यासारखी फसगत होते ती तिथेच.

बसवताना सामन्यात घालता तोच बनियन आत घाला. पहिल्यांदा खांद्याचे पट्टे आवळा, वरची कड मानेच्या बुडाशी येऊन दोन्ही हासळ्या पूर्ण झाकल्या जाईपर्यंत. पाठीवरची जोडपट्टी खांद्याच्या दोन्ही पात्यांच्या मध्ये हवी. ती मानेकडे चढली की पुढचं कवच हमखास लोंबतं आणि आपण उगाच पुढचे पट्टे ओढत बसतो. बाजूचे पट्टे शेवटी. ते आवळून एक खोल श्वास घ्या, छाती अडली तर अर्धा इंच सोडा.

मग वाका आणि कुणाला तरी बाजूनं बघायला सांगा. हासळीपाशी बोट शिरत असेल तर चेंडूचा दणकाही शिरेल. हनुवटी किंचित खाली घेतल्यावर मास्कचा थ्रोट गार्ड (गळ्यापुढची पट्टी) कवचाच्या वरच्या कडेच्या पुढे लोंबायला हवा, मध्ये गळा दिसता कामा नये. स्ट्राइक देताना उगारतो तशी मूठ उगारा, डाव्या हातानं मास्क काढा, चार पावलं पळा. दंड झाकणारं फोमचं पान काखेत रुतत असेल तर ते सहसा वेल्क्रोनं हलवता येतं. शर्ट मात्र एक माप मोठा घ्या, नाहीतर बटणांमधून कवच डोकावतं.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. मधली पाटी सपाट आणि अखंड असली की ती छातीवर टेकून उभी राहते आणि वर-खाली फट पडते. पट्टे आवळून ती जात नाही, फक्त दुखतं. लहान-लहान जोडलेल्या पाट्यांचं मॉडेल शोधा. मला ते सापडायला चार वर्षं लागली.

तुमच्याकडे पंधरा-सोळा वर्षांची मुलं अंपायरिंग करत असतील तर आणखी एक बघा. हृदयाच्या ठोक्यातल्या नेमक्या क्षणी छातीवर मार बसला तर हृदयाची लय बिघडून माणूस कोसळू शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर बहुतेक कोवळ्या वयात. यासाठी नॉक्सी या अमेरिकी संस्थेचं मानक आहे, आणि २०२० पासून तिथल्या शालेय बेसबॉलमध्ये कॅचरच्या प्रोटेक्टरला ते सक्तीचं आहे. तो शिक्का असलेलं कवच निवडा, तरी मैदानावर एईडी, म्हणजे विजेच्या झटक्यानं हृदयाची लय परत आणणारं यंत्र, कुठे ठेवलंय ते विचाराच.

कारखान्यातून आलेला इलॅस्टिकचा हार्नेस, म्हणजे पट्ट्यांचा संच, वर्षा-दोन वर्षांत ढिला पडतो. तो बदलून गादीचा बसवला तर नव्या प्रोटेक्टरचा खर्च वाचतो. एकदा नीट बसलं की बकलाजवळ पट्ट्यावर मार्करनं रेघ मारून ठेवा, कारण धुताना सगळं सुटतं. फोमची पानं हातानं धुऊन सावलीत वाळवा. जोराचा चेंडू बसलेल्या दिवशी घरी आल्यावर पाटीला चीर गेलीय का ते बघा, आणि फोम अंगठ्यानं दाबा. दाबलेला खड्डा तसाच राहिला तर ते पान बदला.