करवंदाची जेली जमली एकदाची

धरमपेठेतल्या आमच्या घरामागं करवंदाचं झाड आहे. जंगलातली काळी डोंगरची मैना नव्हे, ही पांढरी-गुलाबी, लोणच्याची, आंबटढाण. बेकरीच्या केकवर 'चेरी' म्हणून बरेचदा हीच बसलेली असते, पाकात मुरवून रंगवलेली.

यंदा पावसाळ्यात टोपलंभर निघाली. पहिली जेली सरबतासारखी पातळ झाली. शिवाय चिरताना चीक सुरीला, बोटांना, बेसिनला. साबणानं निघेना बाप्पा!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "सगळी पिकलेलीच घेतली असशील. अर्धी कच्ची घे." खरंच, जेली घट्ट करणारं पेक्टिन कच्च्यातच जास्त. दुसऱ्या खेपेला तोडतानाच हाताला तेल लावलं. करवंदं न चिरता, बुडतील एवढ्याच पाण्यात मऊ शिजवली आणि मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगली. पिळायचा फार मोह होतो, पण पिळलं की रस गढूळ. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर. उकळताना फ्रीजमधल्या गार बशीवर थेंब टाकत राहिले. बोटानं ढकलल्यावर सुरकुती पडली, तसा गॅस बंद.

चोथा चाळणीवर घासून, गूळ-तिखट घालून चटणी केली. ती जेलीच्या आधी संपली.