पिवळ्या पानांवर सिक्स बीए मारताय? या चुका टाळा

जुलै लागला की नेरूळ-सीवूड्सच्या गॅलऱ्यांतून एकच फोटो फिरू लागतो: जास्वंदाची खालची पानं पिवळी. मग कुणाचे तरी नाशिकचे द्राक्षबागायतदार मेहुणे सांगतात, सिक्स बीए मारा, म्हणजे पानांचं म्हातारपण लांबवणारं औषध फवारा. मीही मारलं होतं, आणि स्वतःचं हसं करून घेतलं होतं.

पावडर थेट बादलीत टाकली. निम्मी टाल्कमसारखी पाण्यावर तरंगत राहिली, उरलेली स्प्रेच्या नोझलमध्ये अडकली. पानांवर गेलं ते जवळपास नळाचंच पाणी. सिक्स बीए म्हणजे ६-बेंझिलअमिनोप्युरिन, आणि ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. आधी कॉस्टिक सोड्याच्या थोड्याशा द्रावणात विरघळवून मग पाणी वाढवावं लागतं. घरात हा उद्योग नको. तयार लिक्विड घ्या आणि लेबलवरचंच प्रमाण ठेवा.

‘चिमूटभर’ तर अजिबात नको. लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे १ पीपीएम. १० मिलिग्रॅमला स्वयंपाकघरातला काटा हलतसुद्धा नाही, आणि चिमूट टाकली की तुम्ही शेकड्यात पोचलात. मग पानं टिकायची सोडून पानांच्या बगलेतून झुडपासारखे कोंब फुटतात.

पण खरी चूक बाटली उघडण्याआधीच होते. सिक्स बीए हे सायटोकायनिन गटातलं संजीवक, म्हणजे झाडाची वाढ चालवणारं द्रव्य. स्वतःचं सायटोकायनिन झाड बरंचसं मुळांत बनवतं आणि पाण्याबरोबर वर पाठवतं. पानाला ते मिळत राहिलं, तर हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडायचं काम लांबतं. कुंडीचं भोक मातीने बुजलं, खालच्या ताटलीत पाणी साचलं, की मुळं गुदमरतात आणि वरची रसद आटते. अशा वेळी फवारा म्हणजे उसनवारी. आधी ताटली काढा, भोकात काडी घाला, मातीत बोट खुपसून बघा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर संशय लोहावर घ्या. तिथे सिक्स बीएचा काही उपयोग नाही.

पूर्ण पिवळं झालेलं पान परत हिरवं होईल ही आशाही सोडा. हे औषध म्हातारपण लांबवतं, तारुण्य परत आणत नाही. शिवाय ते पडलं तिथेच बसतं, फारसं फिरत नाही, म्हणून पानाच्या दोन्ही बाजू भिजायला हव्यात. सरीवर सरी चालू असताना फवारलं, तर सगळं शेजाऱ्यांच्या गॅलरीत.

द्रावण काम करतंय का, हे झाडावर कशाला बघायचं? मुळ्याचं एक पान शिरेवरून उभं चिरा. एक अर्धं साध्या पाण्यात, एक द्रावणात, दोन्ही बशा अंधाऱ्या कपाटात. काही दिवसांत साधं अर्धं पिवळं पडतं, दुसरं हिरवं राहतं. दोन्ही एकदमच पिवळी पडली, तर बाटली जुनी किंवा प्रमाण चुकलेलं. रिचमंड आणि लँग या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये तोडलेल्या पानांवर कायनेटिन (हेही एक सायटोकायनिनच) वापरून हेच दाखवलं होतं. ते कायनेटिन दोनच वर्षं आधी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सापडलं होतं, तेही हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या डीएनएमधून! (चाचणीतलं पान भाजीत टाकू नका. कुंडीतल्या मेथी-कोथिंबिरीवरही हे मारू नका.)

आणि फांदी रुजायला लावली असेल, तर तिला यापासून लांब ठेवा. जास्त सायटोकायनिनने मुळं फुटायची थांबतात. माझी मोगऱ्याची सहा कलमं अशीच गेली: पानं टवटवीत, आणि खाली एक मूळ नाही.