औद्योगिक राष्ट्र समुद्रापार साम्राज्य का उभारते, याचा शोध कसा घ्यावा

‘कारखाने वाढले, देशात माल खपेना, म्हणून वसाहती घेतल्या’ हे उत्तर परीक्षेच्या वहीत सहज खपून जाते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा नकाशा शेजारी ठेवला की ते डळमळू लागते. स्वित्झर्लंड आणि स्वीडन या देशांतही त्याच काळात उद्योग वाढले, तरी ते वसाहतींच्या शर्यतीत उतरले नाहीत. स्वीडनने तर १८७८ मध्ये कॅरिबियनमधील आपले सेंट बार्थेलेमी हे बेट फ्रान्सला विकून टाकले. उलट पोर्तुगालमध्ये कारखानदारी बेताचीच असूनही अंगोला आणि मोझांबिक त्याच्या ताब्यात होते. तेव्हा उद्योगांची वाढ हे कारण म्हणून नुसते नोंदवून भागत नाही. त्या वाढीपासून एखाद्या भूमीवर झेंडा रोवला जाईपर्यंतच्या साखळीतील प्रत्येक कडी दाखवता आली पाहिजे.

त्यासाठी प्रश्न आधी लहान करून घ्यावा. ‘अमेरिका साम्राज्यवादी का झाली’ असे न विचारता ‘अमेरिकेने हवाई बेटे १८९८ मध्ये का घेतली’ असे विचारावे, आणि लगेच त्याला दुसरा प्रश्न जोडावा: १८९३ मध्ये का घेतली नाहीत? माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे. हितसंबंध बहुधा वर्षानुवर्षे तेच असतात, निर्णय मात्र एका विशिष्ट वर्षी होतो, आणि खरे कारण अनेकदा या दोहोंमधल्या अंतरात सापडते.

हवाईचेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहावे. १८७५ च्या करारानुसार हवाईची साखर अमेरिकेत विनाशुल्क येऊ लागली आणि तेथील ऊसमळ्यांच्या गोऱ्या मालकांची भरभराट झाली. पुढे १८९० च्या शुल्क कायद्याने इतर देशांच्या कच्च्या साखरेवरचेही शुल्क काढून टाकले आणि अमेरिकेतील उत्पादकांना अनुदान देऊ केले. हवाईची सवलत अशा रीतीने एका फटक्यात निरर्थक झाली. मळेवाल्यांना आता अमेरिकेचाच भाग होणे फायद्याचे ठरणार होते, जरी अमेरिकन कायदे लागू होऊन स्वस्त मजूर मिळणे बंद होईल या भीतीने त्यांच्यापैकी काही जण विलीनीकरणाबाबत साशंक होते. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आले, त्या वेळी अमेरिकन नौसैनिकही किनाऱ्यावर उतरले होते. तरीही अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी विलीनीकरण नाकारले. १८९७ मध्ये पुन्हा करार मांडला गेला, तेव्हा हवाईच्या मूळ रहिवाशांनी २१ हजारांहून अधिक सह्यांचा विरोध अर्ज वॉशिंग्टनला पोहोचवला आणि सिनेटमध्ये आवश्यक दोन-तृतीयांश मते जमली नाहीत. साखर तीच, मळेवालेही तेच. मग १८९८ मध्ये बदलले काय? स्पेनशी युद्ध सुरू झाले, १ मे रोजी स्पेनच्या ताब्यातील फिलिपिन्समध्ये मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडाले आणि पॅसिफिकपार फौज पाठवायची तर वाटेत जहाजांना कोळसा भरण्यासाठी तळ हवा, हा मुद्दा अचानक निकडीचा झाला. जुलैमध्ये करार बाजूला ठेवून दोन्ही सभागृहांच्या साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने बेटे ताब्यात घेतली गेली. येथे साखरेने मागणी निर्माण केली, तर युद्धाने निर्णय घडवला. या दोन गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या की उत्तर बिघडते.

साधने आणि हेतू यांचीही अशीच गल्लत होते. वाफेची जहाजे, समुद्राखालच्या तारा, हिवतापावरील क्विनीन, १८८४ मधील मॅक्सिम मशीनगन यांमुळे दूरचा प्रदेश जिंकणे स्वस्त झाले. तो का जिंकायचा, हे त्यांतून कळत नाही.

बाजारपेठेचा दावा व्यापाराच्या आकड्यांवर घासून पाहावा. जर्मनीने १८८४ आणि १८८५ मध्ये टोगो, कॅमेरून, नैर्ऋत्य आफ्रिका आणि पूर्व आफ्रिका बळकावली, परंतु पहिल्या महायुद्धापूर्वी या वसाहतींशी होणारा व्यापार तिच्या एकूण परदेशी व्यापाराच्या एक टक्काही नव्हता. म्हणून बाजारपेठेचे कारण खोटे होते, असे मात्र घाईने म्हणू नये. १८७३ नंतरच्या दीर्घ मंदीत देशोदेशींनी आयात शुल्काच्या भिंती उभारल्या, जर्मनीने स्वतःही १८७९ मध्ये. त्यामुळे आज आपण जागा धरली नाही तर उद्या दुसरा दार लावून घेईल, ही धास्ती प्रत्यक्ष विक्रीपेक्षा मोठी होती. धास्तीचा पुरावा हिशेबाच्या वह्यांपेक्षा भाषणांत आणि पत्रव्यवहारात शोधावा लागतो.

अतिरिक्त भांडवलाचा सिद्धांत ब्रिटिश अर्थतज्ज्ञ हॉब्सन यांनी १९०२ मध्ये मांडला: संपत्तीच्या विषम वाटणीमुळे देशात मागणी अपुरी राहते, बचतीला घरी जागा उरत नाही, आणि ती परदेशी गुंतवणुकीमागोमाग सत्तेलाही ओढून नेते. इजिप्तच्या बाबतीत यात बरेच तथ्य दिसते, कारण १८७६ मध्ये परदेशी कर्जापायी त्याचे दिवाळे निघाले आणि १८८२ मध्ये ब्रिटनने तो देश व्यापला. पण ब्रिटिश भांडवलाचा मोठा हिस्सा अमेरिका आणि अर्जेंटिना यांसारख्या स्वतंत्र देशांत गेला, हेही विसरू नये. जपानने तर रशियाविरुद्धच्या युद्धासाठी लंडन आणि न्यूयॉर्क येथे कर्जे उभारली आणि १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला. तेथे अतिरिक्त भांडवल शोधण्यापेक्षा १८९५ मध्ये रशिया, जर्मनी व फ्रान्स यांच्या दडपणाखाली चीनकडून मिळवलेले लिआओतुंग द्वीपकल्प त्याला परत करावे लागल्याची सल तपासणे अधिक फलदायी ठरते.

विरोध कोणी केला, याची यादी जरूर करावी. १८९८ मध्ये अमेरिकेतील साम्राज्यविरोधी संघटनेत पोलादसम्राट कार्नेगी होते, म्हणजे ‘उद्योगपतींना साम्राज्य हवे होते’ हे वाक्य निदान ‘कोणत्या उद्योगपतींना’ असे विचारल्याशिवाय लिहू नये.

अखेरीस, ताबा मिळाल्यानंतर काय झाले त्यावरून मूळ हेतू ठरवताना हात आखडता ठेवावा. फिलिपिन्ससाठी अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर दिले, पण त्या बेटांशी बहुतांश विनाशुल्क व्यापार १९०९ मध्ये सुरू झाला. यावरून बाजारपेठ हा हेतू नव्हताच, असे अनुमान चटकन काढले जाईल. मात्र स्पेनशी युद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहात दहा वर्षे स्पेनच्या जहाजांना व मालाला फिलिपिन्समध्ये अमेरिकेच्या बरोबरीने प्रवेश देण्याचे कलम होते. ती मुदत संपेपर्यंत अमेरिकन मालाला दिलेली प्रत्येक सवलत स्पेनलाही द्यावी लागली असती.