पवनऊर्जेच्या दृष्टीने आल्प्समधला डोंगर कसा वाचावा: ग्युत्शचे उदाहरण

डोंगर जितका उंच तितकी वीज जास्त, हा समज घेऊन आल्प्सचा नकाशा उघडणाऱ्याची फसगत होते. तिथे उंचीपेक्षा डोंगराची जागा महत्त्वाची ठरते. स्वित्झर्लंडच्या ऊरी कँटनमधील (प्रांतातील) अँडरमॅट गावाच्या माथ्यावर, सुमारे २३०० मीटर उंचीवर असलेला ग्युत्श हे समजून घेण्यास उत्तम उदाहरण आहे, कारण तिथे पवनचक्क्या फिरत आहेत आणि हवामान खात्याचे स्वयंचलित केंद्रही आहे.

सुरुवात शिखरापासून न करता खिंडींपासून करावी. स्विस भूमापन खात्याचे तपशीलवार नकाशे इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. त्यात अँडरमॅट शोधून चारही बाजूंच्या वाटा बोटाने गिरवाव्यात. पूर्वेला ओबेराल्प खिंड (२०४४ मीटर), पश्चिमेला फुर्का (२४२९ मीटर), दक्षिणेला गोटहार्ड (२१०६ मीटर) आणि उत्तरेला रॉइस नदीने कोरलेली शॉलेनेनची अरुंद घळ. हवेलाही डोंगररांग ओलांडायला याच वाटा सोयीच्या पडतात. आल्प्सच्या दोन्ही अंगांना हवेचा दाब वेगळा झाला की दक्षिणेकडून फॉन नावाचा वारा उसळतो, आणि दाबाचा कल उलटला की उत्तरेचा वारा येतो. ग्युत्शपेक्षा कितीतरी उंच शिखर एखाद्या मोठ्या भिंतीच्या आडोशाला असेल, तर ते वाऱ्याच्या दृष्टीने दुबळे निघू शकते.

नंतर भूशास्त्रीय नकाशाचा थर चढवावा. अँडरमॅट ज्यात वसले आहे ते उर्सेरन खोरे पूर्व-पश्चिम सरळ का पसरले आहे, याचे उत्तर खडकात मिळते. उत्तरेला आर गिरिपिंड (डोंगरांचा सलग मोठा गट) व दक्षिणेला गोटहार्ड गिरिपिंड, हे दोन्ही कठीण स्फटिकमय खडकांचे; त्यांच्यामध्ये जवळजवळ उभ्या झालेल्या मऊ गाळखडकांचा पट्टा दाबला गेला आहे. हिमनदीने आणि पाण्याने हाच पट्टा झिजवून खोरे रुंद केले. शॉलेनेनची घळ मात्र सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटमधून जाते, म्हणून ती इतकी अरुंद राहिली. ग्युत्श आर पिंडाच्या दक्षिण कडेच्या नीस (पट्टिताश्म) खडकांच्या पट्ट्यात येतो. पाया घेण्यापूर्वी खडकाचे पत्रण (पातळ पापुद्र्यांसारखी ठेवण) कोणत्या बाजूला झुकले आहे, फटींत पाणी मुरून गोठते का आणि वरचा थर मूळ खडकाचा आहे की हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा, हे जागेवर जाऊनच पाहावे लागते. साधारण २५०० मीटरच्या वर, विशेषतः उत्तर उतारावर, वर्षभर गोठलेली जमीन असू शकते. ती वितळू लागली तर पाया खचण्याचा धोका असतो.

आता हिशेब. २३०० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २० टक्के विरळ असते, म्हणजे त्याच वेगाच्या वाऱ्यात ऊर्जाही तितकीच कमी. पण वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग जेमतेम ८ टक्के जास्त मिळाला तरी ही तूट भरून निघते. त्यामुळे वेगाच्या मोजणीत छोटीशी चूकही महागात पडते. किमान एक वर्ष, शक्यतो पवनचक्कीच्या तुंब्याच्या (पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्यभागाच्या) उंचीवर, आणि तापवता येणाऱ्या वेगमापकाने मोजणी करावी. साधा मापक बर्फाने जखडला की तो वारा पडल्याचे खोटेच सांगतो. तीव्र चढावरून आलेला वारा कड्यापाशी जमिनीपासून सुटून भोवरे करतो, म्हणून सरासरी वेगासोबत वाऱ्याची अस्थिरताही नोंदवावी.

ग्युत्शवर २००४ मध्ये एनरकॉन कंपनीची ६०० किलोवॅटची ई-४० पवनचक्की उभी राहिली. पुढे ९०० किलोवॅटच्या तीन वाढल्या आणि २०१२ पर्यंत एकूण क्षमता ३.३ मेगावॅट झाली. आजच्या मानाने ही यंत्रे लहान वाटतील. पण डोंगरी रस्त्याच्या वळणावरून लांब पाते नेता येत नाही, हे जागा निवडणाऱ्याने आधीच मोजून ठेवावे.

सर्वांत जास्त लक्ष मात्र बर्फाकडे द्यावे. ढगातील अतिशीत, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेले, थेंब पात्यांवर आदळताच गोठतात, पात्यांचा आकार बिघडतो आणि वीज घटते. म्हणून पात्यांच्या आत गरम हवा खेळवतात. सुटलेले तुकडे दूर फेकले जातात. सुरक्षित अंतराचा ढोबळ नियम असा: पात्यांच्या चक्राचा व्यास आणि तुंब्याची उंची यांची बेरीज करून तिला दीडने गुणावे. व्यास ४४ आणि उंची ५५ मीटर असेल, तर अंतर जवळपास १५० मीटर येते. ग्युत्श हे स्कीइंगचेही ठिकाण असल्याने हा आकडा तिथे नुसता कागदावर ठेवून चालत नाही.

एवढी उठाठेव कशासाठी, हे ऋतूंकडे पाहिल्यावर कळते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर वाऱ्याचा भर पावसाळ्यात असतो. स्वित्झर्लंडमध्ये पवनविजेचा सुमारे दोन तृतीयांश वाटा हिवाळी सहामाहीत मिळतो, नेमका तेव्हाच, जेव्हा डोंगरावरचे पाणी बर्फ होऊन अडकलेले असते आणि जलविद्युत केंद्रांकडे येणारा ओघ आटतो. म्हणून जागेची तुलना करताना वर्षाची एकूण बेरीज बाजूला ठेवून डिसेंबर ते मार्च या महिन्यांचे आकडे आधी काढावेत.